काळ्या मातीतला गेरू

साठच्या दशकात मी अकोल्याला शेतकी कॉलेजात शिकत होतो. पर्यावरण हा विषय तेव्हा नव्हता. आम्ही माती शिकायचो. होळीनंतर कॉलेजच्या शेतात छातीएवढा खड्डा खणून आम्ही मातीचे थर पाहत होतो. वरची माती नवी, खालची जुनी, असं आम्ही पाठ केलेलं. तळाशी माझ्या जोडीदाराला बोराची बी सापडली. तिला गर अजून चिकटलेला होता, म्हणजे ती यंदाचीच.

"काहून बे, खड्ड्यात बसून बोरं खाऊन राहिला काय?" मी म्हणालो. सगळे हसले. सरांनीही त्यालाच दम भरला.

तो धामणगावकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, हट्टी. "म्या नाही टाकली. पाहजो तू," म्हणाला आणि खड्ड्याशेजारच्या भेगाळलेल्या जमिनीवर त्यानं गेरूची पूड पसरली.

दिवाळीनंतर आम्ही तिथंच पुन्हा खणलं. काळ्याभोर मातीत छातीइतक्या खोल लाल रेघा उतरल्या होत्या. उन्हाळ्यात जमीन फाटते, वरची माती भेगांत पडते. पावसात ती फुगते आणि खालची माती वर ढकलली जाते. जमीन स्वतःच स्वतःला नांगरत होती! सर खड्ड्यात उतरले आणि एकेक रेघ तळापर्यंत तपासू लागले. मी एका रेघेवर बोट ठेवलं तेव्हा अंगावर काटा आला.

पुढे मी शिकवायला लागलो आणि ही गोष्ट "आम्ही गेरू टाकला" अशी सांगत राहिलो. गेरू त्यानं टाकला होता. मी हसलो होतो.