सरळकरांचा तिरका खांब

सरळकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. धंदा वेल्डिंगचा, पण कुठेही काही वाकडं दिसलं की तोंडातून आधी "सरळ कर, सरळ कर" बाहेर पडायचं आणि पाठोपाठ हात पुढे जायचा. लोकांनी दोन्ही शब्द चिकटवून त्याचं आडनाव करून टाकलं. पुढे तर आमंत्रणंही "श्री. सरळकर" म्हणून यायला लागली, आणि तेही ती निमूटपणे घ्यायला लागले.

खोड तरी कसली! न्हाव्याकडे बसले की अर्ध्या दाढीतून उठून त्याचा आरसा सरळ करायचे, गालाला साबण तसाच. दवाखान्यात गेले, तर डॉक्टरांच्या हातात यांची नाडी आणि यांचा दुसरा हात टेबलावरच्या पाटीकडे. एका ओळखीच्या घरी भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ तिरकं दिसलं. स्टुलावर चढून सरळ केलं, तर ते बंदच पडलं! घरमालक वैतागला, "अहो, ते तिरकंच चालतं. सरळ केलं की थांबतं." सरळकर घरी येऊन बायकोला विचारत बसले, "तिरकं असून चालतं म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "आपला संसार नाही का चालत?"

ही त्यांची बायको. अख्खी गल्ली तिला मामी म्हणते, तर आपणही मामीच म्हणू.

गल्लीतल्या निम्म्या घरांचे कठडे सरळकरांच्या हातचे. त्यांच्या स्वतःच्या घराच्या पायऱ्या मात्र दोन्ही बाजूंनी उघड्या. मामी म्हणून म्हणून थकली. "करू गं, घरचंच तर काम आहे," हे ठरलेलं उत्तर. घरचं काम म्हटलं की ते मागे पडलंच.

एका सकाळी ओल्या कपड्यांची बादली घेऊन उतरताना मामीचा पाय कडेवरून गेला. आवाज ऐकून सरळकर धावत बाहेर आले. मामी मनगट धरून जमिनीवर, शेजारी बादली आडवी. आणि या गृहस्थांनी काय करावं? आधी बादली उभी केली. मग मामीला.

हाताला प्लास्टर चढलं आणि मामी पलीकडच्या गावी भावाकडे गेली. निघताना म्हणाली, "कठडा उभा राहू दे, मग बघू." सरळकरांच्या कानात तो "बघू" अडकून बसला. "येईन" नाही म्हणाली, "बघू" म्हणाली!

लगेच त्यांनी आपल्या दोस्ताला, गवंड्याला, गाठलं. पायऱ्यांच्या कडेने खड्डे खणले, काँक्रीट कालवून ओतलं, त्यात लोखंडी खांब उभे केले. पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत सुतळी ताणली. लेव्हल लावून बघितली, एकदा समोरून, एकदा बाजूने. मग प्रत्येक खांबाला दोन अंगांनी लाकडी पट्ट्यांचे टेकू दिले, कारण एकाच अंगाला टेकू दिला तर खांब दुसऱ्या अंगाला मान टाकतो.

गवंडी हात धूत म्हणाला, "वेल्डर, याला आता झोप लागतेय. मध्येच उठवू नकोस."

"मी कशाला उठवतोय?"

"तुझे हात ओळखतो मी. खिशात घाल."

गवंडी गेला. सरळकर खुर्ची टाकून समोर बसले आणि त्यांनी एक डोळा मिटला. पहिला खांब केसभर कलल्यासारखा वाटला. टेकू सैल करून जरासा रेटला. चहा पिऊन परत बघतात तर आता तो उलट बाजूला! परत जरासा. अंधार पडेपर्यंत सगळ्या खांबांची विचारपूस करून झाली.

दुसऱ्या दिवशी खांब दिसायला सुईसारखे, पण हातात धरले की हलत्या दातासारखे. काँक्रीट आवळायला लागल्यावर खांब हलवला की भोवती फट पडते, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? गिऱ्हाइकांना तेच तर दम देऊन सांगायचे. गवंड्याला परत बोलावलं. काँक्रीट फोडताना तो घण जरा जास्तच जोरात मारत होता.

पुन्हा सगळं केलं. या खेपेला सरळकरांनी रात्र कशीबशी काढली आणि सकाळी एकच टेकू सोडला, नुसतं बघायला. बघणं हातानेच झालं, आणि तो खांबही हलायला लागला.

तेवढ्यात मामीचा फोन.

"झाला कठडा?"

"होतोय."

"हात लावलात ना?"

"छे गं."

"अहो, तुमचा आवाजसुद्धा तिरका येतोय."

सरळकर हळूच म्हणाले, "पण तू येणार ना?"

मामी म्हणाली, "मी पडले तेव्हा तुम्ही आधी बादली उभी केलीत. पाणी तर सगळं सांडलंच होतं. मी दिसले नाही का हो?"

बादलीचं सरळकरांच्या ध्यानातही नव्हतं. आता आठवलं. खांबावरचा हात त्यांनी मागे घेतला.

"आता असं करा," मामीच म्हणाली, "पुन्हा रोवा, टेकू द्या आणि तडक इकडे या. सुकेपर्यंत माझ्या नजरेसमोर बसा."

तसंच केलं. गवंड्याने तर त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. मेव्हण्याच्या घरी पोचल्या पोचल्या त्यांनी कॅलेंडर सरळ केलं, दारातल्या चपला ओळीत लावल्या. मेव्हणा म्हणाला, "दाजी, ती बघा, मांजर वाकडी झोपलीय. तिलाही घ्या उरकून!"

मामीने हे पाहिलं आणि फणी आणून त्यांच्या हातात दिली. "एका हाताने वेणी होत नाही माझी. घाला."

सरळकर तिच्या मागे बसले. लोखंड वाकवणारे हात, केसांत आधी नुसतेच अडखळले. भांग पाडताना मात्र एक डोळा मिटला गेला, आणि असा भांग पडला की मेव्हण्याच्या बायकोने आरसा आणून दाखवला. केसांत पांढरं किती झालंय, हे त्यांना तेव्हा दिसलं. काँक्रीट सुकेपर्यंत रोज वेणी त्यांनीच घातली.

मग दोघं घरी निघाली, म्हणजे मामी म्हणाली, "चला, बघू तरी." दारात येतात तर काय! मधला एक खांब पायऱ्यांच्या बाजूला कललेला. काँक्रीट ओलं असतानाच कुणाच्या तरी गुराने टेकूला अंग घासलं असणार. सरळकरांनी हलवून पाहिला. हूं की चूं नाही. पहाडासारखा पक्का, आणि तिरका!

त्यांचे हात शिवशिवत होते तोवर मामी प्लास्टरचा हात छातीशी धरून पहिल्या पायरीवर चढली, दुसऱ्या हातात पिशवी. दुसऱ्या पायरीवर ती डगमगली. तिने त्या तिरक्या खांबाकडे हात टाकला आणि पिशवी सुटली. कांदे गडगडत रस्त्यापर्यंत गेले.

मामीची एक मूठ खांबाला होती. कोपर सरळकरांच्या हातात होतं.

"अहो, पिशवी," मामी म्हणाली.

"लोळू दे."

"कांदे चालले."

"जाऊ देत. तू चढ."

मामीने मान वळवून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि चढली. घरात गेल्यावर म्हणाली, "चहा टाका, दोन कप."

खांब अजून तसाच आहे. येणाराजाणारा चिडवतो, "काय सरळकर, तुमच्याच दारात तिरका?" मग ते म्हणतात, "त्याला काय करणार? तो हिच्या बाजूचा आहे."