न सारवलेला गोल

खोडदच्या आमच्या घरापुढचं अंगण सारवून झालं की ओलसर हिरवं दिसायचं, त्यावर बायकांच्या बोटांच्या अर्धगोल ओळी उमटलेल्या असायच्या, शेणाचा गार वास ऊन वर येईपर्यंत दारात रेंगाळायचा... आणि या सगळ्याच्या मधोमध, बैलगाडीच्या चाकाएवढा एक गोल कोरडा सुटलेला असायचा. तिथे कुणाचा हात जायचा नाही. आई, आत्या, नवी काकी, ज्या कुणाची पाळी असेल तिचा हात त्या गोलाच्या कडेपर्यंत यायचा आणि वळून मागे जायचा. गोलाच्या मधे एक दगडी झाकण होतं, त्याला लोखंडी कडी. झाकणाखाली पेव.

हल्ली पेव म्हणजे काय हेही सांगावं लागतं. जमिनीत खणलेली धान्याची कोठी. तोंड अरुंद, पोट मोठं, पुरलेल्या रांजणासारखं. आतून पाचट लावायचं, बाजरी ओतायची, झाकण ठेवून माती-शेणानं लिंपून टाकायचं. आमच्याकडे पाऊस कमी, जमीन मुरमाड, त्यामुळे धान्य वर्षभर टिकायचं. घरोघरी पेवं होती. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. लोकांच्या पेवांवर पोरं बसून चिंचोके खेळायची, म्हाताऱ्या ऊन खात बसायच्या. आमच्याच पेवाजवळून जाताना पाय आपोआप वाकडे पडायचे. जमिनीतून एक आंबूस, कोमट वास यायचा, निदान मला तरी यायचा, आणि त्या गोलाच्या कडेवरून कुणी जोरात चाललं की खालून पोकळ आवाज उठायचा, आत कुणी कूस बदलल्यासारखा.

दुसरी भीती ओसरीवर होती. भिंतीतल्या खुंटीला पत्र्याची एक चिमणी टांगलेली असायची. चिमणी म्हणजे रॉकेलचा साधा दिवा, तसल्या घरात चार होत्या. पण हिच्या गळ्याला अंबाडीची लांब दोरी बांधलेली होती आणि ती दोरी वेटोळं करून त्याच खुंटीला अडकवलेली असायची. घरातले बाकीचे दिवे रोज संध्याकाळी पुसले जायचे. हिला कुणी पुसायचं नाही, लावायचं नाही, फेकायचंही नाही. तिच्यावर धूळ बसायची, कोळी जाळं करायचा. पत्र्याच्या एका दिव्याला भिण्यासारखं काय असतं? तरी ओसरीवर एकटीनं बसायची वेळ आली की मी त्या खुंटीकडे पाठ करायची नाही.

कारण विचारलं की एकच उत्तर. तात्या म्हणजे माझे आजोबा. घरात त्यांचा शब्द चालायचा. ते सांगायचे, "पेवात हडळ हाय. नाव घेऊ नगा, हाक मारल्यावानी वर येती." म्हणून तिला नाव नव्हतं. सगळे तिला 'पेवातली' म्हणायचे. रडणाऱ्या पोराला गप्प करायचं तर पेवातली, सुनेनं उलट उत्तर दिलं तर पेवातली. सर्वपित्रीच्या अमावास्येला त्या झाकणावर दहीभात, हळदकुंकू आणि हिरव्या बांगड्या ठेवायचे. भात कुत्रं खायचं. बांगड्या उन्हात पडून राहायच्या, पुढे कुठे जायच्या कोण जाणे.

मी चौथीत असताना एकदा फाल्गुनातल्या वाऱ्यानं दांडीवरचा माझा परकर उडवला आणि नेमका पेवाच्या झाकणावर नेऊन टाकला. अंगणात उभी राहून मी भोकाड पसरलं. परकर चार पावलांवर होता, पण जीव गेला तरी मी तिथे जाणार नव्हते. आई गोठ्यातून बाहेर आली, हात शेणानं भरलेले. तिनं माझ्याकडे बघितलं, परकराकडे बघितलं, आणि सरळ चालत जाऊन दोन्ही पाय झाकणावर ठेवून उभी राहिली. मला वाटलं, आता ही गेली.

"काय रडती गं? कुणाला भेती?"

"पेवातलीला."

"भूतबीत काय न्हाई हितं," आई म्हणाली. घरात कुणी पुरुष नाही हे तिनं आधी बघून घेतलं. "काकी व्हती तुझी. माझी धाकली जाऊ. तिला काय भ्यायचं? ती भ्याली न्हाई म्हणून तर गेली."

झाकणावर उभ्याउभ्याच तिनं मला सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, डोळ्यांतून पाणीही काढलं नाही. धुणं मोजून घेतल्यासारखं सांगितलं.

काकी शिनोलीच्या पलीकडची, भीमाशंकराकडच्या डोंगरातली. तिकडे पाऊस असा की जमिनीत खड्डा केला तर विहीर होईल. तिकडे भात, नाचणी, आणि धान्य ठेवायचं ते कुडाच्या कणगीत, जमिनीपासून उंचावर. पेव हा शब्दसुद्धा तिनं लग्नानंतर ऐकलेला. आमच्याकडे मात्र गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की पेव उघडलं तर लगेच आत उतरायचं नाही. वर्षभर कोंडलेल्या धान्यानं आतली हवा खाऊन टाकलेली असते. झाकण काढून दिवसभर, रात्रभर उघडं ठेवायचं. मग दोरीला चिमणी बांधून आत सोडायची. ज्योत जळत राहिली तर माणूस उतरवायचा, विझली तर थांबायचं. काही वेद नव्हता हा. भाकरी उलटायची कधी हे जसं ठाऊक असतं तसं ठाऊक होतं.

त्या दिवशी, पेरणीच्या तोंडाशी, नारायणगावच्या व्यापाऱ्याची गाडी दारात उभी होती. भाव चढा होता. तात्यांना घाई. काका ओतूरच्या बाजाराला गेलेले. झाकण काढलं, वरवरची बाजरी उपसली आणि तळाची उरली. तोंड अरुंद, टोपलीसकट गडी माणूस अडकला असता. काकी अंगानं काडी.

आई सवयीनं खुंटीवरची चिमणी घेऊन आली होती. काडी ओढणार तेवढ्यात तात्या म्हणाले, "दिवसाढवळ्या दिवा कशाला गं? रॉकेल काय फुकाट येतं? ठिव ते."

आईनं चिमणी परत खुंटीला टांगली. सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर न सावरता बोलायचीही सोय नव्हती, तिथे वाद कुठला.

काकी कासोटा खोचून टोपली घेऊन उतरली. आतून हसत म्हणाली, "अवो जाऊबाई, हितं तर आपुन बोललं की दुसरंच कुनी बोलतंय!" आई म्हणाली, "भर बिगीबिगी, आन् वर ये." एक टोपली वर आली. दुसरी आली नाही.

गावातला एक जण तोंडाला ओलं फडकं बांधून उतरला आणि काकीच्या काखेतून दोर घालून अर्धमेला वर आला. काकी वर आली ती गेलेलीच.

शिनोलीकडून तिची माणसं आली. तात्यांनी त्यांना सांगितलं, पेवात काही तरी होतं, त्यानं ओढलं, आणि पोरीला आधीपासूनच लागीर असावं. ती माणसं परकी, पावसातून चिखल तुडवत आलेली. त्यांना पेवातली हवा ठाऊक नव्हती, भूत मात्र ठाऊक होतं. त्यांनी ते मानलं आणि काकीचं लुगडं घेऊन ती परत गेली. पुढच्या वर्षी काकांचं दुसरं लग्न झालं. नव्या काकीलाही पहिल्याच दिवशी अंगणातला तो गोल दाखवला गेला.

आता मी लिहिते आहे ते रागानं लिहिते आहे, हे लपवत नाही. लोक म्हणतात, काही जागा अशा असतात की उगीचच भीती वाटते. उगीच काही नसतं. पोरांना भीती शिकवावी लागत नाही, मोठ्यांचे पाय कुठे वाकडे पडतात ते बघूनच ती त्यांना कळते. आमच्या घरात दहा-बारा माणसं एका गोलाला वळसा घालून चालत होती, आणि त्यातल्या निम्म्यांना ठाऊक होतं की तिथे काय झालं. तात्यांनी एका जित्या माणसाला घाईपायी मारलं आणि मेल्यावर तिलाच हडळ केलं. सवाष्ण गेली तर पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात, ओटी भरतात. काकीची नवमी आमच्या घरी कधीच झाली नाही. नवमी केली तर नाव घ्यावं लागलं असतं. तिच्या वाट्याला अमावास्या, भुताचा दहीभात.

तात्या वाईट होते असं गावात कुणी म्हणणार नाही. देवळाला पायरी बांधून दिली त्यांनी. पण मी त्या दिवसानंतर त्यांच्या पाया पडताना हात जमिनीला लावायची, पायाला नाही.

पुढे येडगावचं धरण झालं, कालव्याचं पाणी आलं, बाजरी जाऊन ऊस-टोमॅटो आले, जमिनीत ओल धरली आणि गावातली पेवं एकेक करून बुजली. आमचं राहिलं, कारण त्याला हात कोण लावणार? घराच्या जागी स्लॅबचं घर आलं, शिवारापलीकडे रेडिओ दुर्बिणीच्या, आभाळाकडे तोंड केलेल्या पांढऱ्या प्रचंड तबकड्या उभ्या राहिल्या, अंगणात फरशीचे ठोकळे बसले... आणि ठोकळे बसवणाऱ्यानंही तो गोल सोडून बाकीचं बसवलं.

यंदा गौरींना मी माहेरी गेले. घर आता भाच्याचं, विलासचं. त्यानं शेतात पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात. पुण्या-मुंबईची माणसं येतात, चुलीवरचं जेवतात, फोटो काढतात. दारात पाय टाकला तर पेवाजवळ रंगवलेली पाटी : 'भुताचं पेव'. खाली कवटी काढलेली. ओसरीच्या भिंतीवर आईची ती चिमणी, वॉर्निश लावून, दोरीसकट, शोभेला.

"हे रं काय, विलास?"

"आत्या, लोकांना लई आवडतं हे. हॉरर म्हणत्यात त्याला. उद्या पेव उघडून आत लाल बल्ब सोडणार हाय, शिडी लावणार. पावणं वाकून बघत्याल."

"तुझी चुलतआजी मेली तिथं."

"अगं, तीच तर स्टोरी हाय!" तो हसला. मनानं वाईट नाही पोरगा. त्याला जे सांगितलं गेलं तेच तो विकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ट्रॅक्टरला साखळी लावून झाकण ओढून काढलं. तो वास आला. सत्तर वर्षांनी तोच, कोमट, आंबूस, कुजलेल्या पाचटाचा. विलासनं वायरला बल्ब बांधून आत सोडला. आत लख्ख लाल उजेड पडला. "बघ, कुठंय तुझी काकी?" म्हणत त्यानं शिडी उतरवली आणि एक पाय पहिल्या पायरीवर टाकला.

"पाय काढ," मी म्हणाले.

"अगं आत्या, उजेड हाय की ढीगभर!"

"बल्बाला हवा लागत न्हाई, मुडद्या! पाय काढ भायेर!"

एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात ओरडले नसेन. त्यानं पाय काढला. त्याची बायको सुनंदा हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. मी तिला ओसरीवरची चिमणी काढायला लावली. रॉकेल आता मिळत नाही. ट्रॅक्टरचं डिझेल घातलं, वात नवी केली. दोरी जुनी, म्हणून सोबत नायलॉनचीही बांधली. चिमणी धूर ओकत पेटली. मी ती हळूहळू आत सोडली. तोंडाखाली हातभर गेली, जळत होती. आणखी सोडली. ज्योत आखडली, आत बघून घेतल्यासारखी क्षणभर थांबली आणि विझली. वारा नव्हता. खाली लाल बल्ब तसाच झगझगत होता.

विलास म्हणाला, "डिझेल खराब असंल." मी चिमणी वर घेतली, पेटवली, पुन्हा सोडली. त्याच जागी विझली.

विलास शिडीकडे बघत होता. त्याचा रंग उतरला होता. मी त्याला आईनं सांगितलेलं सगळं सांगितलं, गाडी, भाव, रॉकेल, टोपली. त्यानं मधे एकदाच विचारलं, "म्हंजी तात्यांना ठावं व्हतं?"

"समद्यांना ठावं व्हतं."

त्यानं शिडी आणि बल्ब वर काढून झाकण परत ओढलं. पाटी मात्र लगेच काढली नाही. रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना भूत कबूल केलं होतं म्हणे. मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. संध्याकाळी तो एकटाच पाटी उपटत होता, माझ्याकडे न बघता.

रात्रीच्या भाकरी थापताना सुनंदा म्हणाली, "आत्या, पुढं नवमी येती. सवाष्ण सांगीन म्हणते मी. पण नाव कुणाचं घेऊ? काकीचं नाव काय व्हतं?"

त्या घरात हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मी म्हणाले, "पारू. पार्वती."

सुनंदानं भाकरी तव्यावर टाकली आणि सहज, आठवणीत राहावं म्हणून, मोठ्यानं म्हणून बघितलं, "पार्वती." काहीही वर आलं नाही.

सकाळी ती पाइपानं अंगण धूत होती. पाणी झाकणावरूनही गेलं; तिनं हात वळवला नाही. दगड ओला, काळा, साधा दिसत होता. मी उठून गेले आणि आईसारखा त्यावर पाय ठेवला.

अंगावर काटा आला. सगळं ठाऊक असून, एवढं वय होऊन, गुडघ्यातून सर्रकन काटा आला. तात्यांनी आमच्या हाडात जे भरून ठेवलं ते असं एका सकाळी निघत नाही. मला त्याचाच इतका राग आला की मी दुसराही पाय ठेवला, आणि सुनंदाचं अंगण धुऊन होईपर्यंत तिथेच उभी राहिले.