स्वतःच्या नावाचा गोल

इस्तंबूलमधल्या एका चहाच्या दुकानात भिंतीवरचा जुना फोटो पाहून मी थबकले. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला मिशीवाला तरुण, पायाखाली चेंडू.

"माझे आजोबा! फॉरवर्ड होते!" दुकानाच्या मालकीणबाई मोडक्या इंग्रजीत उत्साहाने सांगू लागल्या.

सुलतानाच्या काळात तुर्कांना फुटबॉल खेळायला बंदी होती. म्हणून आजोबा परदेशी लोकांच्या संघात खोट्या इंग्रजी नावाने खेळायचे. गोल झाला की लोक त्या परक्या नावाचा जयघोष करायचे आणि आजोबा, तोंडून तुर्की शब्द निसटू नये म्हणून, ओठ घट्ट मिटून घ्यायचे. एवढा मोठा आनंद, आणि तो मुकाट गिळायचा!

पुढे बंदी उठली. तोवर त्यांचा गुडघा कुरकुरू लागला होता, तरी ते उतरलेच. आणि गोल! सारं मैदान त्यांच्या खऱ्या नावाने दुमदुमलं.

आपण आपलं नाव दिवसभर किती सहज सांगत फिरतो. ते असं कमवावं लागलं तर कसं वाटत असेल?

"मग त्यांनी काय केलं हो?" मी अधीर होऊन विचारलं.

बाई खळखळून हसल्या. "'आई, मी! आई, मी!' असं, जणू घरी बसलेल्या आईला ऐकू जावं इतक्या मोठ्याने, तुर्कीत ओरडत मैदानभर पळत सुटले. पंचांची शिट्टी वाजून वाजून थकली!"