सावलीतला आकडा आणि पत्र्याखालची माणसे

सुशीलाबाई काकडे यांची आणि माझी पहिली भेट म्हणजे एक भांडण होते, आणि त्यात भांडणारा मी एकटाच होतो. पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात ही गोष्ट शोभेल का, असे मी संपादकांना विचारले. त्यांनी बाईंनाच विचारले. बाई आमच्या म्हैसुरी बोलीतले आदराचे 'री' लावून म्हणाल्या, "लिहू दे की री. खरं ते लिहू दे."

बाईंनी हवामानाच्या नोंदी घेण्याची नोकरी आयुष्यभर केली. निवृत्तीनंतर म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातल्या त्यांच्या वडिलांच्या शिवणाच्या दुकानाबाहेर त्यांनी एक काळा फळा टांगला. त्यावर रोज सकाळी पांढऱ्या खडूने आजचा अंदाज, मराठीत आणि कन्नडमध्ये. दुसऱ्या दिवशी त्याच ओळीखाली लाल खडूने प्रत्यक्षात काय झाले ते. अंदाज चुकला तर 'चुकले' असे लिहायचे आणि आठवडाभर पुसायचे नाही, हा त्यांचा नियम. आपली चूक आठ दिवस बाजारात टांगून ठेवणारे दुसरे माणूस मी पाहिलेले नाही.

काही वर्षांपूर्वी एका एप्रिलमध्ये रोज संध्याकाळी गडगडाट होऊन सरी येत होत्या. अशात फळ्यावर लिहून आले: 'वादळी सरी ओसरत आहेत. आता ऊन रोज चढत जाईल. जड काम सकाळी उरका.' मेटगळ्ळीत माझा छोटा कारखाना आहे, पत्र्याची शेड आणि चार लेथ, म्हणजे लोखंड कातायची यंत्रे. आमचे जुने टर्नर सिद्दप्पा यांनी तो फळा वाचला आणि सगळ्यांच्या वतीने कामाची वेळ बदलून मागितली. मला माल वेळेवर द्यायचा होता. शिवाय संध्याकाळी गडगडले की उन्हाळा मोडला, ही आमच्याकडची पक्की समजूत. माझे डोके तापले आणि मी तडक दुकानात गेलो.

"काल रात्री पाऊस पडला आणि तुम्ही ऊन ऊन करून माझ्या माणसांना घाबरवता?" मी म्हणालो.

बाई दोन तापमापक घेऊन बसल्या होत्या. त्यातल्या एकाच्या टोकाला मलमलीची ओली चिंधी बांधत होत्या. "बसा री अगोदर. काल पाऊस आला, हौदु, खरं आहे. पण हे दोन आकडे बघा. ओला आणि कोरडा, दोघांमधलं अंतर रोज वाढायलंय. म्हणजे हवेतली ओल चालली. ढगाला वर चढायला बळ उरलं नाही आता. इथून पुढं नुसतं बिसिलु, रणरणतं ऊन."

"उन्हाळ्यात ऊन असायचंच की."

"नदीकाठच्या तलकाडची देवळं एका दिवसात वाळूखाली गेली काय री? रोज थोडी थोडी. ऊनही असंच चढतंय."

मी ऐकले नाही. गाढवापुढे वाचली गीता, असेच म्हणायचे. सरी थांबल्या, आणि चौथ्या दिवशी भर दुपारी सिद्दप्पा उष्माघाताने लेथपाशी कोसळले. ते वाचले, पण दोन महिने अंथरुणाला खिळून होते आणि लेथवर उभे राहण्याची ताकद त्यांच्या पायांत परत आली नाही. याला जबाबदार मी होतो. ते इथे लिहून ठेवतो.

बाई आता चार शब्द सुनावणार, अशी माझी खात्री होती. त्या रिक्षा करून शेडवर आल्या. सिद्दप्पांची चौकशी केली आणि विचारले, "तापमापक लावू काय इथं?" मग तासभर त्या पत्र्याखाली स्टुलावर बसून राहिल्या. पारा बघितला, वहीत लिहिला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लाल खडूने लिहिले होते: 'माझी चूक. मी सावलीतला आकडा सांगत आले. पत्र्याखाली काम करणाऱ्यांचे ऊन मी कधी मोजले नाही.'

तापमापक सावलीत, हवेशीर पांढऱ्या पेटीत ठेवायचा, हे त्यांच्या कामाचे शास्त्र. ते त्यांनी चोख पाळले होते. पण पेटीत कोणी राबत नाही, हे आजवर ध्यानात आले नाही म्हणून त्यांनी दोष स्वतःकडे घेतला. चूक माझी आणि लाल खडू त्यांचा. तो फळा वाचताना मला लाज वाटली, आणि त्याच दिवशी मी कामाची वेळ सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी चार ते सात अशी केली.

तेव्हापासून फळ्यावर दोन आकडे असतात, सावलीतला आणि पत्र्याखालचा. दर उन्हाळ्यात बाई मेटगळ्ळीत शेडमागून शेड फिरतात आणि मालकांना गाठतात. कोणी चहा देतो, कोणी दार लावून घेतो. दार लागले की त्या पुढच्या आठवड्यात पुन्हा जातात. सिद्दप्पांना त्यांनी ओला-कोरडा तापमापक वाचायला शिकवले. आमच्या शेडची नोंद आता तेच घेतात, आणि चिंधी बाई अजून स्वतः कापून आणून देतात. "काम सुटलं तरी अक्कांनी मला रिकामं बसवलं नाही," असे सिद्दप्पा सगळ्यांना सांगतात.

यंदाही सरी विरळ झाल्या आहेत आणि फळ्यावरचे दोन्ही आकडे चढू लागले आहेत. गौरव समितीने पंचाहत्तरीचा सत्कार दुपारी चारला ठेवला होता. बाईंनी तो सकाळी सातवर आणला. शाल नको म्हणाल्या. "एवढ्या उन्हात शाल घालून मला भाजायलाय काय?" मागितले एवढेच, की आमच्या गल्लीतल्या ज्या दोन शेड अजून भर दुपारी चालतात, त्यांच्या मालकांनी वेळ बदलावी. त्यातल्या एकाने होकार दिला आहे.

बाईंनी निरोगी राहून शंभर उन्हाळे बघावेत, आणि त्यातला एकही दिवस त्यांना मेटगळ्ळीत कोणाची दारे ठोठावावी लागू नयेत. ते काम आता आमचे. उरलेले दार माझ्या थोरल्या भावाचे आहे. गेली तीन वर्षे आम्ही बोलत नाही. उद्या दुपारी मी तिथे जाणार आहे, आणि तो हो म्हणेपर्यंत उठणार नाही.

— दत्ताजी माने, मेटगळ्ळी, म्हैसूर