फिरत्या दिव्याच्या सहा ओळी

छापखान्यात त्याला सगळे जुळारी म्हणत. शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे, ओळी लावायच्या, पान बांधायचं, यातच त्याची हयात गेली. त्याचा एकच नेम होता, पानात कोरी जागा ठेवायची नाही. मजकूर कमी पडला की हा पठ्ठ्या मनानेच चार ओळी रचून ठोकून द्यायचा. मालक खूश, वाचक खूश, आणि याची कॉलर ताठ!

वीस वर्षांपूर्वी साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर सहा ओळींची जागा उरली. घरी जायची घाई होती. त्याने लावून टाकलं, ‘म्हणतात की, गल्लीच्या टोकाच्या ओसाड घरात तिन्हीसांजेला एक दिवा या खोलीतून त्या खोलीत फिरतो...’ घर रिकामं आहे अशी त्याची पक्की समजूत होती. पण त्याच आठवड्यात शिवणकाम करणारी एक बाई लहान मुलीला घेऊन तिथे राहायला आली होती. लोकांनी अंक वाचला, खिडकीत दिवा पाहिला, आणि मग काय विचारता!

जुळाऱ्याला आठ दिवसांत सगळं कळलं. खुलासा छापूया, असं तो मालकाला म्हणणारही होता. पण अंक हातोहात खपला होता. मालकाने पाठ थोपटली आणि याने तोंडाला कुलूप लावलं. त्या गल्लीत मात्र तो पुन्हा फिरकला नाही.

आता वाचनालय गावातल्या जुन्या, अजब घटनांचं पुस्तक काढत होतं. पहिलीच घटना फिरत्या दिव्याची, आणि खाली, त्याला न विचारताच, ‘जुने जाणकार’ म्हणून नाव जुळाऱ्याचं. ते पान जुळवताना त्याचे हात अडले. आपलंच पाप आपल्याच हातांनी दुसऱ्यांदा छापायचं? कच्चं छापलेलं पान खिशात घालून तो गल्लीच्या टोकाला गेला.

बाई मशीनवर उशीची खोळ शिवत होती.

“काय शिवायचंय?”

“शिवायचं नाही, बाई. एवढं वाचा.”

तिने पानावर नुसती नजर टाकली. “हे पाठ आहे मला.”

“मी रचलं होतं ते. सगळं खोटं. पानात जागा उरली होती म्हणून.”

मशीन थांबलं.

“जागा उरली म्हणून?” तिचा आवाज चढलाही नाही. “दोन वर्षं कुणी उंबरा ओलांडला नाही. शिवायच्या कापडासाठी मीच दारोदार हिंडायचे. पोरीशेजारी वर्गात कुणी बसेना, भुताची म्हणायचे तिला. शेवटी आम्ही दिवा लावायचंच सोडलं, दादा. अंधारात जेवायचो.”

धरणीने पोटात घ्यावं, असं त्याला झालं. त्या ‘दादा’ने तर तो पार मेल्याहून मेला.

“हे पान काढून टाकतो,” तो कसाबसा म्हणाला. “जागा कोरी ठेवतो.”

“कोरी कशाला? आत्ता मला सांगितलंत, तेच छापा. सहा ओळी पुरतील.”

तो छापखान्यात परतला. मालक समोरच बसला होता. त्याच्या देखतच जुळाऱ्याने ‘म्हणतात की’ उपसून काढलं आणि तिथे ‘मी’ लावलं. पुढचा खिळा उचलायला त्याला फार वेळ लागला.