फळीवरचं कुंकू

नाशिकला कॉलेजला जायला मी सिल्वासा सोडलं, त्या सकाळी आप्पा आणि माय दोघंही मला बसस्टँडवर सोडायला आले होते. माझी पत्र्याची पेटी आप्पांनी स्वतः एस.टी.च्या टपावर चढवली. पोरगी एकटी आहे, असं कंडक्टरला दोनदा सांगितलं. मग मी पाया पडायला वाकले आणि आप्पांनी पाय मागे घेतले.

"राहू दे, राहू दे, गाडी सुटंल," ते म्हणाले.

गाडी सुटायला अजून दहा मिनिटं होती. माय पदराने डोळे पुसत होती. दोन वर्षं असंच चाललं होतं. दिवाळी असो की परीक्षेचा निकाल, मी वाकले की आप्पांचे पाय मागे सरकायचे. का, ते मला ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं मी समजत होते.

हे मी सिल्वासातल्या डोकमर्डीच्या आपल्या चाळीतल्या सगळ्यांसाठी लिहिते आहे. तुमच्यातले काही अजून तिथेच आहेत, काही माझ्यासारखे बाहेर पडले. मला नीट लिहिता येतं असं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे चुकलं तर सांगणारंही घरात कोणी नाही.

मी सहा वर्षांची असताना आम्ही शिरपूरकडचं गाव सोडून सिल्वासाला आलो. आप्पा जवळच्याच मसाटच्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात मशीनवर लागले. आधी तिथे बादल्या आणि पाण्याचे मग निघायचे. मी आठवीत गेले तेव्हा शेठने बादल्या बंद केल्या आणि स्केटबोर्ड सुरू केले. कारखान्यात कोणी तो शब्द वापरत नसे, सगळे फळीच म्हणत. आप्पांच्या मशीनवर चाकं निघायची. गरम माल हाताळून त्यांच्या मनगटांवर, पायांवर चटक्यांचे गोल डाग पडले होते.

त्याच सुमारास चाळीत केबल आली. परदेशातली पोरं फळ्यांवरून उड्या मारताना दिसायची. मग आपल्याकडच्या चॉकलेटच्या, थंड पेयांच्या जाहिरातींतही तसली पोरं आली. विस्कटलेले केस, ढगळ कपडे, मागे ओरडणारे आईबाप आणि आईबापांकडे ढुंकूनही न बघणारं पोरगं. माय म्हणायची, "पायऱ्या दिल्या ना मेल्यांना उतरायला, मग कठड्यावरून कशाला घसरू राहिले?" आम्ही हसायचो. आप्पा मात्र उड्या पाहायचेच नाहीत. ते पुढे सरकून म्हणायचे, "चाक पाह्य त्याचं. आवाज नाही काही नाही."

मी फळी चालवायला शिकले ती कारखान्यातल्या रिजेक्ट मालावर. सुट्टीच्या दिवशी डबा द्यायला मसाटला जायचे, तेव्हा कारखान्यामागच्या सिमेंटच्या रस्त्यावर. तसा गुळगुळीत रस्ता आपल्या चाळीजवळ कुठे होता? पडले, गुडघे फुटले, पण जमायला लागलं. सुपरवायझरने मला पाहिलं होतं. आप्पांनी नुसतं ऐकलं होतं. ते आत मशीनवर असायचे.

मी अकरावीत असतानाचा दसरा. दुसऱ्या दिवशी फळीच्या खोक्यावर छापायचा फोटो काढायला मुंबईहून माणसं येणार होती. फोटोत उठून दिसावी म्हणून एकच फळी पांढरीशुभ्र काढली होती. दसऱ्याला मशीनची पूजा आप्पांकडे असायची. त्यांनी मशीन पुजलं, साचे पुजले, हातोडी-पान्हे पुजले. शेवटी ती पांढरी फळीही पाटावर ठेवून पुजली. आपल्या हातच्या मालाची पूजा करायची नाही तर कशाची करायची? मधोमध कुंकवाचं स्वस्तिक काढलं, त्याला लागूनच हळदीची बोटं ओढली. त्यांच्या मनात दुसरं काहीच नव्हतं.

प्लॅस्टिकवर हळद बसली की जात नाही, हे डबा घासणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा. सकाळी सुपरवायझरने आधी साबण लावला, मग थिनर. कुंकू पसरून गुलाबी झालं, हळद होती तिथेच राहिली. दुसरी फळी काढायची तर मशीनमध्ये पुन्हा भरलेला लाल माल पुरता काढून टाकायला दिवस गेला असता, आणि फोटोवाले संध्याकाळी परत जाणार होते.

मी डबा घेऊन पोचले तेव्हा शेठ आप्पांच्या समोर उभे होते. "आ शुं कर्युं, भाई? स्केटबोर्ड छे के भगवान?" मागे दोघं-तिघं हसले.

"दसरा होता, शेठ," आप्पा म्हणाले.

"फोटो नहीं हुआ तो कल से मत आना."

आप्पांचं काम गेलं असतं तर आम्हाला गावी परतावं लागलं असतं, आणि माझी शाळा तिथेच संपली असती. हे शेठला माहीत नसेल. आप्पांना होतं, मलाही होतं.

फोटोवाल्याने तोडगा काढला. चालवणाऱ्याचे पाय बरोबर डागावर आले तर डाग दिसणार नाही. त्यांनी मुंबईहून एक मुलगा आणला होता, उभ्या केसांचा, देखणा. पण तो फळीवर टिकेना. फळी जरा हलली की त्याचा पाय सुटायचा आणि खालचं कुंकू दिसायचं. चार-पाचदा पडल्यावर तो रडवेला झाला. तेव्हा सुपरवायझरने माझ्याकडे बोट दाखवलं. "इनकी लड़की चलाती है."

त्या मुलाचे बूट मला दिले. मोठे होत होते, म्हणून पुढे कापडाचे बोळे कोंबले. मी फळीपाशी गेले आणि थांबले. आपल्या घरात वहीला चुकून पाय लागला तरी हात लावून तो कपाळी न्यायची सवय. आणि हे तर आदल्या दिवशी आप्पांनी काढलेलं स्वस्तिक. मी आप्पांकडे पाहिलं. ते मशीनकडे पाहत होते.

"ठेव पाय," ते म्हणाले.

मी तशीच उभी.

"ठेव, पोरी."

मी ठेवला. फोटो झाला, तरी आप्पांनी मशीनवरची नजर हलवली नाही. उतरल्यावर मी फळीला हात लावायला वाकले, पण फोटोवाल्यांनी ती तोवर उचलली होती. तो नमस्कार राहूनच गेला. आप्पांचं काम टिकलं आणि मी शिकत राहिले. त्या दिवाळीपासून मात्र आप्पा पाय मागे घ्यायला लागले. मला वाटलं, मी बिनबोभाट ऐकलं त्याचा त्यांना राग आहे. एकदा तरी नाही म्हणायला हवं होतं, असं त्यांना वाटत असेल.

नाशिकला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात मेन रोडवरच्या एका दुकानाच्या काचेत मला ते खोकं दिसलं. वर त्या मुलाचा हसरा चेहरा, खाली मोठे करून छापलेले पाय. इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. अर्थ असा की कोणाचं ऐकू नका, रस्ता तुमचाच आहे. मी बराच वेळ तिथे उभी राहिले. मी तर ऐकलं होतं, म्हणूनच पाय ठेवला होता.

होस्टेलवरच्या मैत्रिणींना मी ते खोकं दाखवलं. "हे पाय माझे आहेत," म्हटलं.

"हो का? आणि वरचं तोंड तुझ्या मावशीचं का गं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पुन्हा तो विषय काढला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. फराळाचा डबा काढायला माळ्यावर हात घातला, तर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं.

"ते नको ओढू," माय खालून म्हणाली. "तुझ्या आप्पाचं आहे."

मी उघडून पाहिलं. तीच फळी होती.

"शेठने रिजेक्टमधी टाकली होती. ग्राइंडरमधी घालून भुगा करायचं काम यांच्याकडेच. हातच उचलला नाही त्यांचा. मागून घेतली."

"अजून रागावलेत का गं ते माझ्यावर?"

माय माझ्याकडे पाहतच राहिली. "तुझ्यावर? अगं, पूजेवर पाय द्यायला लावला मी पोरीला, आता कोणत्या तोंडानं तिला पाया पडू देऊ, असं म्हणू राहिले ते दोन वर्षांपासून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आप्पांना म्हटलं, "मसाटला चला ना माझ्यासोबत." त्यांनी माझ्या हातातली फळी पाहिली. सायकल काढली आणि फळी कॅरियरला बांधली.

कारखाने बंद होते, कारखान्यामागचा रस्ता मोकळा होता. मी चपला काढल्या. फळीला हात लावून कपाळाला लावला. कुंकू पार फिकं झालं होतं, हळदीची बोटं तशीच होती. मग अनवाणी तिच्यावर उभी राहिले आणि पायाने रेटा दिला.

आप्पा रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले होते. वीस-पंचवीस हात जाऊन मी वळले. त्यांनी इतकी वर्षं चाकं काढली, पण त्यांच्या घरचं कोणी त्यावर फिरताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. जवळ आले तेव्हा ते मान तिरकी करून ऐकत होते.

"मागचं डावं घासू राहिलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "जाय. अजून एकदा जाय."

मी तीनदा गेले आणि आले. शेवटी उतरून त्यांच्यासमोर वाकले. भेगाळलेल्या स्लिपरांतली त्यांची पावलं, उजव्या अंगठ्याजवळ चटक्याचा जुना गोल डाग. पाय हलले नाहीत. माझ्या डोक्यावर त्यांचा हात आला आणि थोडा वेळ तिथेच राहिला.

होस्टेलवर कोणी विचारलं, घर कुठे, तर पूर्वी मी अडखळायचे. शिरपूर म्हणू की सिल्वासा? आता सिल्वासाच सांगते. ऐकणारीला ते कुठे आहे हे बहुधा ठाऊक नसतं. मला दिसतो तो मसाटचा मोकळा रस्ता, आणि मागे न सरकलेले ते दोन पाय.