पाहुणे गेले का?

मी जन्मले तेव्हा सुईणीनं मला दारातल्या उजेडात धरलं आणि म्हणाली म्हणे, "अगं बया, ही तर मडम!" केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या. गावानं तेच नाव लावलं. रस्त्यानं निघाले की पोरं ओरडायची, "पाचगणीची मडम आली रं!" मी धोंडा उचलून भिरकावायची, पण मेला नेम कधी लागला असेल तर शपथ! लागणार कसा? मला दिसायचंच कुठं?

मिरजेच्या डॉक्टरांनी वडिलांना सगळं समजावलं होतं. पोरीच्या अंगात रंगच तयार होत नाही, डोळ्यांतही नाही. म्हणून ऊन सोसत नाही, बुबुळं सारखी हलतात, लांबचं पुसट दिसतं. चष्म्यानं थोडा फरक पडेल, सगळा नाही. आणि हे कोड नव्हे, कुणाला लागतही नाही. वडिलांनी घरी येऊन सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कोडच म्हणत राहिले.

थोरल्या बहिणीला, आक्काला, बघायला आलेलं पहिलं स्थळ माझ्यामुळं मोडलं. मी चहाची कपबशी घेऊन पुढं गेले, आणि ती माणसं पोह्यांना हात न लावता उठली. "आज हिला, उद्या थोरलीला निघंल," असं दारातच बोलली. आक्का बरेच दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मला तिचा राग आला नाही. माझाच आला.

म्हणून कराडकडचे पाहुणे यायचे ठरले, तेव्हा कुणी सांगायच्या आधी मीच उठले आणि उसाच्या कडेच्या खोपीत जाऊन बसले. आई मागून एवढंच म्हणाली, "उन्हं कलल्यावर ये गं."

उन्हं कलली. मी घराकडं निघाले तर सूर्य बरोबर डोळ्यांसमोर. डोळ्यांतून नुसतं पाणी. अंगणात पांढरा फेटा आणि पांढरं धोतर दिसलं. आमच्याकडं तसा फेटा-धोतर घालणारा माणूस एकच, माझे चुलते आण्णा. मी जाऊन त्यांची बाही धरली. "आवं आण्णा, गेलं का पाव्हणं? मला कुणी बघितलं न्हाई न्हवं? येऊ का आता घरात?"

मी तोंड वर केलं. अगदी जवळ गेल्यावर मिशा दिसल्या. आण्णांना मिशा नव्हत्या.

"न्हाई बाळ," परका आवाज म्हणाला. "कुणी न्हाई बघितलं." तो मुलाचा बाप होता. मागं दारात सगळी मंडळी उभी, आणि आईच्या तोंडून "आई गं!" निघालेलं मला ऐकू आलं. वाटलं, भुईनं पोटात घ्यावं. पण त्या माणसानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मी वेडी मनात म्हणाले, झालं, आक्काचं जमलं.

जमलंच. चार दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आले. मुलगी पसंत आहे. धाकटीबद्दल तक्रार नाही. फक्त लग्नात ती मांडवात दिसू नये, भावकी नावं ठेवील.

नवरीच्या मागं कलश घेऊन उभी राहायची ती करवली, आणि तो मान धाकट्या बहिणीचा. माझा. वडील खाली बघत होते. आक्का खांबाशी होती, तिचा चेहरा मला तिथून दिसत नव्हता. सगळे माझी वाट बघत होते, एवढं मात्र चांगलं दिसलं.

"उन्हात मला न्हाईतरी डोळं उघडवत न्हाईत," मी म्हणाले. "चुलत बहिणीला करा की करवली."

आईनं मला ओढून छातीशी धरलं. "लय शाणी गं माजी बाय," म्हणत पाठीवरून हात फिरवत राहिली. इतक्या मायेनं तिनं मला आधी कधी जवळ घेतलं नव्हतं. आणि मला ते इतकं गोड लागलं, की आजही त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.